‘डी ड्राइव्ह गेला’ म्हणण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. जुलै २०१५ मध्ये ती आली होती. म्हणजे दहा वर्षं तिनं आपल्या घरांत, शाळांत, वाचनालयांत, दवाखान्यांत काम केलं. घरगुती वापरासाठी ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ घ्यावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले बहुतेक कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा लागतो, किबोर्ड चालतो. पण त्याला आता राखणदार उरलेला नाही.

अशा वेळी काही जण यंत्र भंगारात देतात, काही जण लिनक्सकडे वळतात. लिनक्स फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर बरं चालतं, आणि त्याच्या दुरुस्त्या येत राहतात. पण वळताना पहिल्या दोन-तीन दिवसांत काही ना काही अडतं. वाय-फाय लागत नाही, पडदा काळा होतो, प्रिंटर गप्प बसतो किंवा ‘डी ड्राइव्ह’ दिसत नाही. मग माणूस घाबरतो आणि घाबरून फॉरमॅट मारून मोकळा होतो. आज मला बोलायचं आहे ते याच दोन-तीन दिवसांबद्दल.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. पण गेली काही वर्षं मी लिनक्स वापरतो, आणि माझ्या ओळखीत लेखक, निवृत्त शिक्षक आणि वाचनालय चालवणारी माणसं पुष्कळ. ती अडली की मला हाक मारतात. त्यातून जे शिकलो, ते चार प्रश्नांत मावतं. वस्तू दिसते का? तिची भाषा कळते का? ती उघडते का? आणि उघडल्यावर वाचता येते का? कुठलीही अडचण आली, तरी हे प्रश्न याच क्रमानं विचारायचे. क्रम सोडला की माणूस भलत्याच जागी हातोडा मारतो.

आधी भाषेचा प्रश्न घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग, म्हणजे वाय-फायचं कार्ड, आवाजाची चिप, प्रिंटर, आपापल्या बोलीत बोलतो. ती बोली मुख्य प्रणालीला समजावून सांगणारा जो दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजमध्ये हा दुभाष्या बहुधा वस्तू बनवणारी कंपनी पाठवते. पूर्वी तो सीडीवर यायचा, आता इंटरनेटवरून येतो. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे प्रणालीच्या गाभ्यातच, ज्याला कर्नल म्हणतात त्यातच, राहायला असतात. म्हणून दहा वर्षांचा जुना कॉम्प्युटर लिनक्सवर बहुधा कुठल्याही सीडीशिवाय चालू लागतो. पण एखाद्या कंपनीनं आपल्या बोलीचं व्याकरण बाहेर सांगितलंच नाही, तर दुभाष्या तयार व्हायचा कसा? तिथं अडतं.

ही तक्रार नवी नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः भर घातली होती. कागद अडकला, की छपाईची वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम त्यांना मिळेना. ज्या संशोधकाकडे तो होता, त्यानं गुप्ततेचा करार केलेला असल्यामुळे द्यायला नकार दिला. ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढं २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहोत, असं जाहीर केलं. एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरी डिस्क त्यावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे, अशा अर्थाची कबुलीही त्यानं त्याच मजकुरात दिली होती. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच कर्नलवर चालतो. म्हणजे प्रिंटर आणि डिस्क या दोन अडचणी लिनक्सच्या जन्मापासूनच्या आहेत.

आता व्यवहाराकडे येऊ. लिनक्सची एक मोठी सोय अशी, की ते बसवण्यापूर्वी चालवून बघता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. तो रिकामा असू द्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवून घ्या आणि रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढवा. कॉम्प्युटर सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, ज्याच्या त्याच्या बनावटीप्रमाणे, दाबलं की पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचा पर्याय मिळतो. अशा वेळी तुम्ही ‘इन्स्टॉल’ म्हणत नाही, तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. या अवस्थेत तास-दोन तास घालवा. वाय-फाय जोडून बघा, गाणं लावून बघा, कॅमेरा उघडा, प्रिंटर जोडा, लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करा. जे इथं चालतं, ते बसवल्यावरही बहुधा चालतं. जे चालत नाही, त्याची यादी करा. लग्नाआधी चौकशी केलेली बरी, तसंच हे.

सुरुवातीलाच पडदा काळा राहिला, तर ग्राफिक्स कार्डाचा दुभाष्या अडला आहे असं समजावं. मिंटच्या पहिल्या यादीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय असतो. तो घेतला, की पडद्याचं काम साध्या पद्धतीनं सुरू होतं. नंतर एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये जाऊन सुचवलेला ड्रायव्हर घ्यायचा. सिक्युअर बूट चालू असेल, तर इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल’ म्हणून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पुष्कळ जण तो पडदा तसाच जाऊ देतात, आणि ड्रायव्हर बसवूनही चालत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

वाय-फाय दिसत नसेल, तर टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. तिला भिऊ नका. ती पोस्टाच्या खिडकीसारखी आहे, नीट विचारलं तर नीट उत्तर देते. ‘एलएसपीसीआय’ ही पाच अक्षरं इंग्रजी लिपीत टाइप केली आणि पुढं एक जागा सोडून आडवी रेघ व ‘के’ टाकला, की आतल्या भागांची यादी येते आणि कुठल्या भागाला कुठला ड्रायव्हर लागला आहे, तेही दिसतं. बाहेरून जोडलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’. यादीत कार्ड आहे, पण त्याखाली ड्रायव्हरचं नाव नाही, म्हणजे वस्तू दिसते, पण भाषा कळत नाही. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना असा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटच तर नाही! त्यावर सोपा उपाय असा, की मोबाइल डेटा-केबलनं कॉम्प्युटरला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्स त्याला लगेच इंटरनेट समजतं. कार्ड यादीतच नसेल, तर लॅपटॉपचं वाय-फायचं बटण किंवा बायोसमधली नोंद बंद आहे का, ते आधी बघा. तेही चालू असेल, तर दोष लोखंडात आहे. तिथं सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही.

आता हार्ड डिस्क. वाय-फाय बिघडलं तर गैरसोय होते. डिस्कवर चूक झाली तर आयुष्यभराचं लिखाण जातं. म्हणून इथं घाई नको.

लिनक्समध्ये सी, डी, ई अशी नावं नसतात. डिस्कला ‘एसडीए’, ‘एसडीबी’ किंवा नव्या पद्धतीची असेल तर ‘एनव्हीएमई’नं सुरू होणारं नाव मिळतं आणि तिच्या भागांना आकडे. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली, की हे सगळं आकारासकट समोर येतं. डी ड्राइव्ह गेलेला नसतो, त्याचं नाव बदललेलं असतं. तो नावावरून नाही, आकारावरून ओळखायचा.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी चाळीस वर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. वह्यांतून टाइप करून घेतल्या, कॅसेटवरचे आवाज कॉम्प्युटरवर चढवले. त्यात माझ्या फुफीच्या तोंडच्याही ओव्या होत्या. फुफी २००९ साली गेली. तिचा आवाज आमच्या घरात दुसरीकडे कुठंच नाही. गुरुजींच्या नातवानं विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवलं, आणि डी ड्राइव्ह उघडेना. एका दुकानात दाखवलं, तर तिथं सांगितलं, “ड्राइव्ह करप्ट झालाय, फॉरमॅट मारावा लागेल.” गुरुजींचा मला फोन आला. “कवी, सगळं गेलं हो. चाळीस वर्षांचं गेलं.” मी म्हटलं, “गुरुजी, कुणाला हात लावू देऊ नका. मी येतो.”

चार प्रश्न क्रमानं विचारले. एलएसबीएलके म्हणालं, साधारण ३०० जीबीचा एक भाग आहे. म्हणजे दिसतो. प्रकार विचारला तर एनटीएफएस. म्हणजे विंडोजची वही आहे, हे लिनक्सला कळतं. वही लिहिण्याची ही पद्धत लिनक्सला पूर्वीपासून वाचता येते, आणि २०२१ अखेरच्या ५.१५ या कर्नलपासून तिचा पुरा दुभाष्या गाभ्यातच आहे. मग उघडत का नाही? त्याचं उत्तर विंडोजच्या एका सवयीत होतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ‘शट डाउन’ म्हटलं, तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धवट झोपतं आणि वह्या उघड्याच ठेवतं. दुसऱ्यानं मधे लिहिलं, तर हिशेब बिघडेल, म्हणून लिनक्स त्या वहीवर लिहायला किंवा ती उघडायलाच नकार देतं. कधी ते कारण स्पष्ट सांगतं, कधी नुसतं ‘चुकीच्या प्रकारची फाइल-व्यवस्था’ असं गुळमुळीत बोलतं. तो नकार म्हणजे बिघाड नाही, ती खबरदारी आहे.

आम्ही यंत्र पुन्हा विंडोजमध्ये सुरू केलं, पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, डी ड्राइव्हची विंडोजकडूनच तपासणी करून घेतली आणि मग यंत्र नीट बंद केलं. लिनक्समध्ये आलो, ड्राइव्ह उघडला. पहिली गोष्ट काय केली, तर सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, आणि तिथून आणखी एका डिस्कवर. इंटरनेटवर अशा वेळी झोपलेली फाइल जबरदस्तीनं पुसणाऱ्या आज्ञा सापडतात. विंडोज सुरू होत असेल, तोवर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आवाज ऐकू आले. पण टाइप केलेल्या फाइली उघडल्या, तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. गुरुजींचा चेहरा पुन्हा पडला. हा चौथा प्रश्न. उघडतं, पण वाचता येत नाही. युनिकोड रूढ होण्याआधीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. तो फॉन्ट यंत्रावर नसला, की मजकूर असा दिसतो. गेलेला काहीच नसतो. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून तो जुना फॉन्ट आणला, लिनक्सवर बसवला आणि ओव्या दिसू लागल्या. मग परिवर्तकानं त्या युनिकोडमध्ये आणल्या. परिवर्तक रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ यांत चुका करतो, म्हणून गुरुजी आणि मी मूळ वहीशी ताडून ओळन् ओळ वाचली. त्याला तीन आठवडे लागले. म्हणून माझी विनंती आहे की, विंडोज पुसण्याआधी त्यातल्या फॉन्ट्स फोल्डरची नक्कल अवश्य घ्या. त्या घेताना तुमच्या फॉन्टचा परवाना काय म्हणतो, तेही बघा. दस्तऐवजांची नक्कल सगळे घेतात, ते वाचण्याची किल्ली मात्र मागं राहते.

डिस्कच्या बाबतीत आणखी तीन प्रसंग येऊ शकतात. एक, ड्राइव्हला कुलूप असतं. बिटलॉकर चालू असेल, तर ४८ आकडी किल्ली लागते. ती विंडोज चालू असतानाच शोधून कागदावर लिहून ठेवा. किल्ली असली, तर लिनक्सही तो ड्राइव्ह उघडू शकतं. नसली, तर कोणीच उघडू शकत नाही. दोन, लिनक्स बसवताना डिस्क यादीतच येत नाही. बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ अशी असते. ती ‘एएचसीआय’ केल्यावर डिस्क दिसते. पण विंडोजही ठेवायचं असेल, तर त्याची तयारी आधी करावी लागते, नाहीतर विंडोज सुरू होत नाही. म्हणून जाणत्याला विचारूनच हे करा. तीन, डिस्क खरोखरच म्हातारी झालेली असते. ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’ तपासणी आहे. खराब सेक्टरांचा आकडा वाढत असेल, टकटक आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवा आणि आधी नक्कल काढा. प्रत्येक प्रयोगागणिक अशा डिस्कचा श्वास कमी होतो.

सगळ्यांत सुरक्षित वाट विचाराल, तर ती अशी. जुनी डिस्क यंत्रातून काढून टेबलाच्या खणात ठेवा. तिच्या जागी एक लहान एसएसडी घाला आणि त्यावर लिनक्स बसवा. बसवताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय येतो. तो पूर्ण डिस्क पुसतो, फक्त सी ड्राइव्ह नव्हे. जुनी डिस्क यंत्रातच नसली, तर ती पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. नंतर तिला यूएसबी डबीत घालून हव्या त्या फाइली आणता येतात. यंत्रही आधीपेक्षा चटकन सुरू होतं.

एक गमतीची अडचण खास आपल्याकडची. दोन्ही प्रणाल्या एका यंत्रावर असल्या, की विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागं जातं. कारण लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपली वेळ साडेपाच तास पुढं. घड्याळाची बॅटरी बदलून उपयोग नाही. स्थानिक वेळ धरण्याची एक आज्ञा लिनक्सला दिली, की भांडण मिटतं. लिखाणाचीही सोय आहे. इन्स्क्रिप्टचा मराठी किबोर्ड लिनक्समध्ये आहेच, त्याच्या शेजारी उर्दूही ठेवता येतो. माझ्या यंत्रावर दोन्ही आहेत आणि एक कळ दाबून मी इकडून तिकडं जातो.

जे होत नाही, तेही सांगायला हवं. हल्लीचे वाय-फायवर चालणारे पुष्कळ प्रिंटर ड्रायव्हरशिवाय छापतात, एचपीच्या प्रिंटरांना ‘एचपीलिप’ हा संच आहे. पण काही स्वस्त लेझर प्रिंटर फक्त स्वतःच्या बोलीत बोलतात आणि त्यांचा दुभाष्या जुना तरी झालेला असतो किंवा नसतोच. हिशेबाची काही सॉफ्टवेअरं, डिजिटल सहीची काही टोकनं यांचंही तसंच. तिथं आठवडा घालवू नका. पाच यंत्रांच्या वाचनालयात चार लिनक्सवर न्यावीत आणि एक, पाठिंबा मिळत असलेलं, विंडोजवर ठेवावं. कुठं थांबायचं, हेही दुरुस्तीत कळावं लागतं.

लिनक्स चांगलं की विंडोज, हा वाद मला घालायचा नाही. पण यंत्र बदलताना घराघरांतल्या डिस्कांमध्ये असलेलं मराठी लिखाण, फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज हे सगळं पणाला लागलेलं असतं. आणि ते बिघाडानं जितकं जात नाही, तितकं घाईनं जातं. म्हणून पुढच्या रविवारी एवढंच करा. एका बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची नक्कल घ्या, फॉन्टांसकट. दुसऱ्या यंत्रावर लावून ती उघडते का, वाचता येते का, ते बघा. पेनड्राइव्हवरचं लिनक्स त्यानंतरच्या रविवारी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)